गर्भिणीचा पांडुरोग आणि घरची रीत

इतिहास म्हटला म्हणजे तह, लढाया आणि राजवंशांच्या सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ज्या गोष्टींवर घराचें सौख्य अवलंबून असतें त्यांनाहि एक इतिहास असतो. तो दप्तरखान्यांत फारसा सांपडत नाहीं, माजघरांत सांपडतो. आज मी अशाच एका लहानशा वस्तूचा इतिहास आपणांस सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे गर्भवती स्त्रीला सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळणारी तांबडी गोळी.

या गोळींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नांवानें जी योजना आंखली तिच्याप्रमाणें गर्भवती स्त्रीनें चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक गोळी घ्यावयाची, आणि बाळंत झाल्यावर पुन्हां १८० दिवस तोच क्रम चालूं ठेवावयाचा. गोळीला पैसा पडत नाहीं. ती घेण्यास सुई टोंचावी लागत नाहीं. तिच्या गुणाविषयीं वैद्यकांत फारसा मतभेद नाहीं. असें असूनहि २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत काय दिसून आलें? देशांतील शंभर मातांपैकीं १०० दिवस गोळ्या घेणाऱ्या ४४, आणि १८० दिवस घेणाऱ्या अवघ्या २६. त्याच पाहणींत शंभर गर्भवतींपैकीं ५२ जणींच्या रक्तांत लोहकण प्रमाणापेक्षां कमी आढळले. चार-पांच वर्षांपूर्वींच्या पाहणींत हा आंकडा ५० होता. म्हणजे मधल्या काळांत तो घटला नाहीं, किंचित् वाढलाच. आपल्या महाराष्ट्राची स्थिति देशाहून थोडी बरी; तरी येथेंहि शंभरांत सुमारे ४६ गर्भवती अशा आढळल्या.

औषध ठाऊक आहे, फुकट आहे, गांवापर्यंत येऊन पोंचलें आहे; मग तें पोटांत कां जात नाहीं? या प्रश्नाचें उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत मिळत नाहीं. गोळी पोटांत जाण्यापूर्वीं तिला एका घरांतून जावें लागतें. आणि त्या घरांतील रीत, मान, धाक, समजूत आणि सवड या सर्वांची परवानगी तिला घ्यावी लागते. हें आजच नव्यानें कळलें आहे असेंहि नाहीं. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास तेंच सांगत आला आहे. आपणच तें पुन्हां पुन्हां विसरत आलों आहों.

प्रथम या गोळीची गरज कां, तें थोडक्यांत सांगतों. गर्भारपणांत स्त्रीच्या शरीरांतील रक्त जवळ जवळ निम्म्यानें वाढतें. वाढत्या रक्ताला, गर्भाला आणि वारेला मिळून त्या नऊ महिन्यांत सुमारे एक हजार मिलिग्रॅम लोह अधिक लागतें. तें रोजच्या अन्नांतून आणि पूर्वींच्या शिलकेंतून यावें अशी सृष्टीची योजना. पण जिची शिल्लक विवाहापूर्वींच संपली आहे तिनें तें आणावें कोठून? अशी स्त्री चालतां-चालतां धापा टाकते, तिच्या पायांवर सूज येते, जिना चढतांना छाती धडधडते. खरा धोका पुढेंच असतो. प्रसूतीच्या वेळीं थोडाबहुत रक्तस्राव कोणालाहि होतो. सशक्त स्त्री तो सोसते. जिच्या अंगीं रक्तच थोडें, ती तेवढ्याच स्रावानें दगावते. आपल्या देशांतील मातामृत्यूंचें सर्वांत मोठें कारण प्रसूतिसमयींचा रक्तस्राव हेंच आहे. आणि त्याच्या आड उभा असतो तो हा रक्तक्षय.

आतां आपण पनवेलकडे वळूं. हें गांव या कथेला दोन कारणांनीं सोयीचें आहे. पहिलें कारण जुनें. लोह हें औषध म्हणून आपल्या वैद्यांना पुरातन काळापासून ठाऊक होतें. चरकसंहितेंत पांडुरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील पांचवा माती खाण्यापासून होणारा म्हणून वेगळा काढला आहे. त्याच पांडुरोगाच्या चिकित्सेंत लोहाचे कल्पहि दिलेले आहेत. अशीं आयुर्वेदीय औषधें मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा उद्योग वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं पनवेलींतच सुरू केला, आणि ‘धूतपापेश्वर’ हें नांव पुढें महाराष्ट्रांतील घरोघरीं परिचित झालें. दुसरें कारण आजचें. पूर्वींचा कुलाबा आणि १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, त्यांतला हा तालुका म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचा एक लहानसा नकाशाच होय. खाडीकांठीं कोळ्यांचीं व आगऱ्यांचीं गांवें, सखल भागांत भाताचीं खाचरें, कर्नाळा व प्रबळगड यांच्या पायथ्याशीं ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, आणि मधोमध १९७० नंतर आंखल्या गेलेल्या नव्या मुंबईचे उंच इमले. १८५२ सालीं जेथें नगरपालिका आली तेथें २०१६ सालीं महानगरपालिका झाली. लोहाची गोळी घरांत कशी शिरते आणि कोठें अडते, हें एकाच तालुक्यांत पाहावयाचें तर याहून चांगलें ठिकाण नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, लोहाचें औषध जर एवढें जुनें, तर आमच्या आज्या-पणज्या पांढऱ्याफटक कां पडत? याचें कारण असें कीं औषध रोग्यास देतात, आणि गर्भिणीच्या पांडुरतेला रोग मानीतच नसत. कालिदासानें रघुवंशांत सुदक्षिणा राणीच्या गर्भारपणाचें वर्णन केलें आहे. तिचा चेहरा फिकट झाला होता आणि तिच्या मुखाला मातीचा गंध येत होता, हें त्यानें मोठ्या कौतुकानें सांगितलें आहे. आजच्या वैद्याच्या दृष्टीला हीं दोन्ही लक्षणें लोहाच्या उणीवेचीं वाटतील. कवीला तीं सौंदर्याचीं वाटलीं. समाजाची दृष्टि कवीसारखीच राहिली. गर्भिणी फिकट दिसावयाचीच, तिला चक्कर यावयाचीच, तिनें पाटीची खापरी किंवा भाजकी माती चघळावयाचीच. त्याला आपण डोहाळे म्हटलें आणि डोहाळे म्हटल्यावर चिकित्सेचें कारण उरलें नाहीं. ज्या दुखण्याला घरांत दुखणें म्हणून नांव नाहीं, त्यावरचें औषध कपाटांतच राहतें.

हें नांव देण्याचें काम मुंबईंत १९२० नंतरच्या दहा वर्षांत झालें, आणि तें गिरणगांवांत झालें. १९२२ सालीं मुंबई सरकारनें डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंना गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची व राहणीची चौकशी करण्यास नेमिलें. त्यांच्या अहवालांतील एका गोष्टीनें त्या वेळीं पुष्कळांना धक्का बसला: गिरणींत जाणाऱ्या बहुतेक सर्व बाया आपल्या तान्ह्या मुलांना अफू देत असत. तिलाच ‘बाळागोळी’ म्हणत. मूल दिवसभर निजून राहावें, रडून शेजारणीला त्रास देऊं नये, आणि आईनें दहा तास साच्यावर उभें राहावें, यासाठीं ती गोळी. श्रोतेहो, या बाळागोळीची आठवण मीं मुद्दाम काढली. तिचा प्रचार करण्यास कोणतेंहि सरकारी खातें नव्हतें. ती विषारी होती. तरी ती खोलीखोलींतून शिरली, कारण त्या घराच्या एका निकडीला ती उत्तर देत होती. आईच्या रक्तासाठीं असलेल्या गोळीला तसा वशिला नाहीं. ती आज घेतली तर आज कांहीं काम सोपें होत नाहीं, उलट मळमळतें. आणि न घेतली तर आज कांहीं अडत नाहीं. तिचा लाभ सहा महिन्यांनीं, आणि तोहि न घडलेल्या अनर्थाच्या रूपानें मिळावयाचा. म्हणून ती घरांत नेण्यासाठीं घराची मांडणीच लक्षांत घ्यावी लागते.

ही मांडणी ज्यांनीं शास्त्रीय दृष्टीनें पाहिली त्यांत डॉ. लूसी विल्स यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. लूसी विल्स या १८८८ सालीं इंग्लंडांत जन्मल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांतून १९२० सालीं डॉक्टर झाल्या. हिंदुस्थानांतील मातामृत्यूंची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकारानें चाललेली होती. तिच्यासाठीं विल्सबाई १९२८ सालीं मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेंत काम करूं लागल्या. गर्भवतींना जडणारा एक भयंकर रक्तक्षय, ज्यांत रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें फार कमी पण आकारानें मोठ्या होतात, हा त्यांच्या शोधाचा विषय होता. प्रथम त्यांनीं आंतड्यांतील जंतूंचा संशय धरला. त्यांत कांहीं निष्पन्न झालें नाहीं. मग त्यांनीं डॉ. शकुंतला तळपदे यांच्या साह्यानें मुंबईंतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ती १९३० सालीं प्रसिद्ध झाली. त्यांना असें आढळलें कीं, हा रोग दारिद्र्याच्या आणि आहाराच्या मागोमाग जातो. गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता, आणि रोगाची बाधाहि त्यांनाच सर्वांत अधिक होती. म्हणजे रोगाचें मूळ परीक्षानळींत सांपडलें नाहीं. तें ‘तुम्ही काय जेवतां?’ या प्रश्नांतून सांपडलें.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या प्राण्यांवर प्रयोग करीत असतां यीस्टपासून केलेल्या ‘मार्माइट’ नांवाच्या एका स्वस्त खाद्यपदार्थानें रक्त सुधारतें असें त्यांना दिसून आलें; तोच पदार्थ रुग्ण स्त्रियांना दिला आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१ सालीं त्यांनीं हें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें जाहीर केलें. त्या पदार्थांतील अज्ञात द्रव्याला कित्येक वर्षें ‘विल्स यांचें द्रव्य’ असेंच म्हणत. १९४१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं पालकाच्या पाल्यापासून एक द्रव्य वेगळें काढलें आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ हें नांव दिलें. १९४५ च्या सुमारास लेडर्ली येथील प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. त्या संशोधनाचे सूत्रधार आपले यल्लाप्रगड सुब्बाराव होते. पालकाची भाजी, यीस्टचा अर्क आणि परळच्या परिसरांतील गरीब स्त्रियांचें ताट, यांतून ही अर्धी गोळी जन्मास आली.

त्याच १९२८ सालीं, त्याच मुंबई शहरांत, दुसरीहि एक घटना घडली. मुंबई कायदे कौन्सिलांत कामगार स्त्रियांना बाळंतपणाचें साह्य देण्याविषयींचें बिल चर्चेस आलें, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वीं मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२९ सालीं तो कायदा झाला. देशांतील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा. एकीकडे प्रयोगशाळा सांगत होती कीं मातेच्या ताटांत उणीव आहे. दुसरीकडे विधिमंडळ सांगत होतें कीं मातेच्या दिवसांत विश्रांतीची उणीव आहे. हीं दोन्ही बोलणीं एकाच स्त्रीविषयीं चाललीं होतीं. तीं पुढें एकत्र चाललीं असतीं तर या इतिहासाला निराळें वळण लागलें असतें. परंतु तसें झालें नाहीं. कायदा कामगारखात्याकडे गेला, आणि द्रव्य औषधांच्या कारखान्याकडे.

स्वातंत्र्यानंतर, १९७० सालीं, केंद्र सरकारनें राष्ट्रीय पातळीवर गर्भवतींना लोह व फॉलिक ॲसिड यांची एकत्र गोळी देण्याचा कार्यक्रम सुरू केला. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, शंभर दिवस. योजना उत्तम होती. पण १९८५-८६ च्या सुमारास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तिची तपासणी केली तेव्हां निराशाजनक चित्र दिसलें. गोळ्यांचा पुरवठा अपुरा आणि अनियमित. कित्येक ठिकाणीं गोळ्यांचा दर्जा उणा. गोळ्या मिळालेल्या स्त्रिया थोड्या. आणि रक्तक्षयाचें प्रमाण जवळ जवळ होतें तेथेंच. १९९१ च्या सुमारास सरकारनें काय केलें? लोहाची मात्रा ६० वरून १०० मिलिग्रॅमवर नेली. गोळी घरांत शिरत नव्हती, म्हणून ती अधिक जड केली! अधिक लोहानें मळमळ अधिक होते, हें वेगळें सांगावयास नको. पुढें २०१८ सालीं मात्रा पुन्हां ६० वर आणण्यांत आली.

गोळी देणाऱ्या परिचारिकेची बाजूहि आपण ऐकली पाहिजे. आरोग्य उपकेंद्रांतील ज्या बाईनें गोळ्या वांटावयाच्या, तिच्याच डोक्यावर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचें ठराविक लक्ष्य पुरें करण्याचें ओझें १९९६ पर्यंत होतें. त्यांत १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळांतील सक्तीच्या नसबंदीची धास्ती गोरगरिबांच्या मनांतून लवकर गेली नाहीं. जी बाई काल शस्त्रक्रियेसाठीं नांव लिहून घेण्यास आली तीच आज गर्भारशीला गोळ्या देते, तर त्या गोळ्या कसल्या असतील, असा संशय सासूला आला तर त्याला अडाणीपणा म्हणून हिणवतां येणार नाहीं. तो एका अनुभवाचा निष्कर्ष होता. औषधावर विश्वास बसण्यापूर्वीं तो देणाऱ्या हातावर बसावा लागतो.

आतां आपण पनवेल तालुक्यांतील घरांच्या उंबरठ्यांपाशीं येऊं. पुढें जें सांगणार आहें तें त्याच घरांपुरतें आहे असें मात्र नाहीं, कोंकण व देश दोन्हीकडे तें थोड्याफार फरकानें आढळतें.

पहिली अडचण वेळेची. दिवस गेल्याची वार्ता पहिले तीन महिने बाहेर फोडावयाची नाहीं, दृष्ट लागते, अशी आपली जुनी रीत. सुशिक्षित घरांतहि ती पाळली जाते. परंतु गर्भाचा मज्जारज्जु आणि मेंदू यांची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांच्या आंतच मिटावयाची असते. त्या वेळीं फॉलिक ॲसिड कमी पडलें तर मुलांत जन्मतःच कांहीं दारुण व्यंगें राहण्याचा संभव वाढतो, हें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रयोगानें निर्विवाद ठरलें. म्हणून मूल हवें असें ठरतांच, म्हणजे गर्भ राहण्यापूर्वींच, फॉलिक ॲसिड सुरू करावें असें वैद्य सांगतात. वार्ता लपविण्याच्या रीतींत दोष नाहीं. पण ती वैद्यापासूनहि लपविली कीं सर्वांत मोलाचे दिवस हातचे जातात.

दुसरी अडचण ताटाची. घरांतील पुरुष जेवले, मुलें जेवलीं, पाहुणे जेवले, मग सून बसली. भात उरतो, माशाचें कालवण किंवा पालेभाजी उरतेच असें नाहीं. मासळीबाजार दारांत असलेल्या कोळणीच्या घरींहि चांगली मासळी प्रथम टोपलींत जाते आणि मग ताटांत. शिवाय जेवणाबरोबर किंवा जेवतांच चहा घेण्याची संवय पडली आहे. चहांतील तुरट द्रव्य अन्नांतील व गोळींतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. उलट लिंबू, आवळा यांच्या आंबटपणानें लोह अधिक शोषिलें जातें. ही माहिती एका वाक्याची. परंतु ती गोळीच्या पुडीबरोबर दिली जातेच असें नाहीं.

तिसरी अडचण भयाची. गोळीनें बाळ फार मोठें होईल आणि सुटका होणार नाहीं. गोळी उष्ण पडेल. मूल काळें निपजेल. अशा समजुती पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतात. पहिली समजूत तर निव्वळ भ्रम म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्या वाडींतून दवाखाना डोंगर उतरून कोसांवर, आणि रात्रीं वाहन मिळण्याची आशा नाहीं, तेथें अडलेलें बाळंतपण म्हणजे मरण, हें आयांनीं पाहिलेलें असतें. ‘लहान बाळ, सुखाची सुटका’ हा त्यांचा हिशेब त्या परिस्थितींतला आहे. रस्ता व वाहन मिळालें कीं हा हिशेब आपोआप बदलतो. नुसत्या व्याख्यानानें बदलत नाहीं. मूल काळें होण्याच्या समजुतीचें मूळ बहुधा असें असावें: लोह घेतल्यावर शौचास काळी होते. ती निरुपद्रवी आहे हें आधीं सांगितलें नाहीं, तर घाबरून स्त्री चौथ्या दिवशीं गोळ्या बंद करते, आणि पुडी देवळींत पडून राहते. वहींत मात्र ‘दिल्या’ अशी नोंद असते.

चौथी अडचण प्रवासाची. पहिलें बाळंतपण माहेरीं, हा आपला फार गोड रिवाज आहे. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण होतें, ओटी भरली जाते आणि लेक माहेरीं जाते. पण तिचें नांव लिहिलेलें असतें सासरच्या उपकेंद्रांत. ज्या काळांत लोहाची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच काळांत ती एका परिचारिकेच्या वहींतून निघते आणि दुसरीच्या वहींत शिरत नाहीं. माहेरच्या या प्रवासांत निदान माया तरी वाट्याला येते. कातकऱ्याच्या संसारांत दुसराच प्रवास असतो. दिवाळीनंतर सगळें कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर जातें आणि पावसाच्या तोंडीं परततें. गर्भवती स्त्री चिखल तुडवते, विटा थापते, डोईवरून वाहते. वाडीवर तिचें घर बंद असतें. भट्टीवर ती कोणाच्याच यादींत नसते. अनवाणी वावरल्यानें पायांवाटे आंकडीकृमि शरीरांत शिरतात आणि आंतड्यांत राहून रक्त पितात. अशा स्त्रीला गोळीबरोबर जंताचें औषधहि द्यावें लागतें. नाहींतर एका वाटेनें भरलेलें रक्त दुसऱ्या वाटेनें जातें.

पांचवी अडचण अधिकाराची. दवाखान्यांत जावयाचें म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवावयाची, किंवा घरचें काम कोणावर तरी टाकावयाचें. तें ठरविणारी बहुधा ती स्वतः नसते. म्हणून गोळीचा उपदेश एकट्या सुनेला करून भागत नाहीं. तो सासूला करावा लागतो, आणि सासूपेक्षांहि नवऱ्याला. ‘गोळी घेतलीस का?’ एवढा प्रश्न घरांतील एका माणसानें रोज विचारला तर जें होतें तें दहा भित्तिपत्रकांनीं होत नाहीं.

हें सर्व ऐकून निराश होण्याचें कारण नाहीं. कारण जेथें घराची रीत ओळखून काम झालें तेथें यशहि आलें आहे. शेजारच्या नेपाळांत २००१ सालीं सुमारे चौथा हिस्सा माताच लोहाच्या गोळ्या घेत. २०११ पर्यंत पांच मातांपैकीं चार घेऊं लागल्या. तेथें गोळी बदलली नव्हती, ती देणारा हात बदलला होता. गांवांतलीच एखादी स्त्री स्वयंसेविका होऊन शेजारणीला गोळ्या देई, आणि पुन्हां येऊन विचारीत असे. आपल्याकडे २००५ सालीं आशा सेविकांची योजना आली ती याच तत्त्वावर. आशा त्याच वाडींतली. तिला तीं कारणें सांगावीं लागत नाहींत, तीं तिच्या घरींहि असतात. दवाखान्यांत प्रसूत होण्याचें प्रमाण वाढलें, आणि २०१८ ते २०२० या काळांत महाराष्ट्रांत दर एक लक्ष जिवंत जन्मांमागें मातामृत्यूंची संख्या ३३ वर आली. संपूर्ण देशाचा आंकडा त्या वेळीं ९७ होता.

गोळीनें सर्वच साधतें असें मात्र कोणी समजूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील संशोधकांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. पालेभाज्या, फळें व दूध ज्यांच्या आहारांत अधिक वेळां येत त्यांच्या बाळांची वाढ अधिक चांगली झालेली आढळली. पुढें असेंहि दिसून आलें कीं, मातेच्या रक्तांत फॉलिक ॲसिड भरपूर पण ब-१२ हें जीवनसत्त्व कमी, अशी स्थिति मुलाच्या पुढील आरोग्याला हितकर नाहीं. शाकाहारी घरांनीं याची विशेष नोंद घ्यावी. लूसी विल्स यांनीं १९२८ सालीं विचारलेला प्रश्न, तुम्ही काय जेवतां हा, अजून शिळा झालेला नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं फळें आहेत, डॉक्टर आहेत, गोळ्या विकत घेण्याची ऐपत आहे. तरी रक्तक्षय केवळ झोंपडींतच राहतो असें पाहण्या सांगत नाहींत. सुखवस्तु घरांतील स्त्रियांतहि तो मोठ्या प्रमाणावर आढळतो, कारण शेवटीं जेवण्याची आणि आपलें दुखणें न बोलण्याची रीत श्रीमंतीबरोबर जात नाहीं. आपल्या घरीं सून किंवा लेक गर्भवती असेल तर तिची गोळी ही तिची एकटीची जबाबदारी नव्हे. आणि आपल्या घरीं भांडीं घासावयास येणारी बाई गर्भवती असेल, तर दवाखान्याच्या दिवशीं तिची रजा पगारी ठेवणें हें आपल्या हातांत आहे. आपल्या इमारतीच्या विटा ज्या भट्टीवर भाजल्या गेल्या तेथें राबणाऱ्या स्त्रीपर्यंत आरोग्यसेविका पोंचली का, हें नगरसेवकाला विचारणेंहि आपल्याच हातांत आहे.

१९२८ सालीं मुंबईनें या रोगाचे दोन उपाय शेजारीं शेजारीं पाहिले: मातेच्या ताटाची चौकशी आणि मातेच्या विश्रांतीचा कायदा. गोळी ही त्या चौकशीची लेक आहे. ती आपल्या आईपासून दूर एकटीच घरोघर फिरत राहिली, म्हणून तिला दार उघडलें गेलें नाहीं. तिच्याबरोबर ताट, विश्रांति आणि विश्वास हीं तिन्ही आंत येतील, तेव्हां पनवेलच्या खाडीकांठच्या घरांतच नव्हे, प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाडींतहि माता बाळंतपणांतून सुखरूप उठेल.